रकाना सातवा

खाण बंद झाली तेव्हा आधी आवाज गेला.
मग झुवारीतले बार्ज लोटलीच्या धक्क्याला येऊन टेकले,
रिकामे, म्हणून पाण्यावर नको तितके उंच.
दुरुस्तीचे पैसे कुणाकडेच नव्हते.

पात्रांवानं कँटीन बंद केलं, जीप विकली,
आणि शेड नंबर तीनमधली शाळा
मार्चपर्यंत ओढतो म्हणाला.
मार्च म्हणजे नऊ आठवडे.

अर्ज मी लिहिला, हजेरीवही माझ्याकडे असते म्हणून.
पणजीला तीन खेपा. दोनदा साहेब रजेवर,
एकदा शिक्का चुकीच्या पानावर.
शेवटी ठरलं : निम्मं विद्यावेतन सरकार देईल,
अकरा मुलं, एक मेस्त,
महिन्याला एक तक्ता, रकाने सात.

तेजीत शिकवायला सवड कुणाला होती?
पोरगा आला की हातात झाडू, मग ग्रायंडर,
बाकीचं त्यानं सुजल्या डोळ्यांनी चोरून शिकायचं.
आता कायतान मेस्त एका सांध्यावर अख्खी सकाळ घालवतो.
घाई करू नकोस, म्हणतो, बाहेर कोण खोळंबलंय?
कुणी हसत नाही.

पोलादही संपत आलंय.
एकच पत्रा : जोडायचा, कापायचा, घासून पुन्हा जोडायचा.
जानेवारीत तो दाराएवढा होता,
आता ताटाएवढा.
सुलक्षा वेळीप, सांग्याहून दोन बसगाड्या बदलून येणारी,
त्यावर रेघ ओढते.
मेस्त डोळे मिटून अंगठा फिरवतो
आणि सांधा कुठे आहे ते त्याला सांगता येत नाही.

तपासनीस आले. हजेरी पाहिली, फलकासमोर फोटो झाला.
हे सगळं ठीक, म्हणाले, नोकऱ्या किती लागल्या?
तोच सातवा रकाना.

मेस्तानं उत्तर दिलं नाही.
साहेबांच्या तोंडापुढे काळी काच धरली
आणि सुलक्षाला म्हणाला, पेटव.
काचेआडच्या काळोखात एक थेंब चालू लागला,
हिरवा, सावकाश,
मागे रस्ता ठेवत.
साहेब बराच वेळ वाकून होते.
काच परत देताना एवढंच म्हणाले,
माझाही मुलगा घरीच असतो.

तक्त्यावर छापलंय : शाईनेच भरावे.
सातव्या रकान्यात मी पेन्सिलीनं शून्य लिहिलं,
फार न दाबता.

मार्च गेला.
एप्रिलचे पैसे अजून वाटेत आहेत.
ताटाची आता बशी झालीय.