आहेर आणू नये

जालन्यात सळईच्या भट्ट्या निवल्या त्या साली
कादराबादेतल्या आमच्या छापखान्यात
आधी सोनेरी शाई वाळली.

मग पत्रिकेतून एकेक माणूस उठून गेला:
चुलत चुलते, व्याह्यांचे व्याही,
‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी
चकुली अन् सोन्या.
स्नेहभोजनाचा झाला चहा-चिवडा.

मिलचा भोंगा बंद,
तर हबीबभाई मशीन लावायचे
पायरीवरचं ऊन बघून.
बिहारी पोरं गेली त्या खोल्यांत
घरमालकांनी कांदे पसरले.

एक दिवस फर्नेसवरचे मुकादम, गव्हाडे,
मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले.
उभ्यानंच वाचलं. पेन मागितला.
शेवटच्या ओळीतलं ‘नये’ तेवढं खोडलं.

उरलं : आहेर आणू

हबीबभाई म्हणाले,
वाक्य अर्धंच राहायलंय की वो.
मुकादम चप्पल शोधत होते.
म्हणाले, राहू द्या.
समजायलंय लोकांना.

आता भट्ट्या पेटल्यात.
रात्री आभाळ तांबडं दिसतं,
सोनेरी शाई आली, मामाही परत आला पत्रिकेत.
ती ओळ मात्र
कुणी घाला म्हणत नाही.
मीही विचारत नाही.