पाठ फिरवून

सेतुबालला, बंदराच्या वरच्या चढावर,
इदालिनाच्या घरी एकच कॉम्प्युटर.
स्वयंपाकघरात, फ्रीज आणि खिडकीच्या मधे,
वर क्रोशाचं झाकण, तळणीच्या वाफेपासून जपायला.
चालू करायला काही लागत नाही. बटण दाबा, आत या.
बँकेचे हिशेब उघडे, बारशाचे फोटो उघडे,
फाउश्तूनं कागदगिरणीच्या मॅनेजरला लिहिलेली
आणि कधीच न धाडलेली संतापाची पत्रंसुद्धा उघडी.

कुलूप फक्त
पत्त्यांच्या खेळाला.

दुआर्त थबकतो.
लोकांची यंत्रं दुरुस्त करण्यात अठरा वर्षं गेली,
लोक काय काय लपवतात ते त्याला ठाऊक आहे.
पण पत्ते?

त्यानंच घालायला लावलं, इदालिना सांगते.
गिरणी सुटली तेव्हापासून उजाडेपर्यंत बसायचा.
लालवर काळा, काळ्यावर लाल,
ताटातलं गार, डोळे तांबारलेले.
एक दिवस आपणहून म्हणाला, याला पासवर्ड घाल,
आणि मला सांगू नकोस. मी पाया पडलो तरी.
तिसऱ्याच दिवशी पडला.
नाही सांगितला.

मग तडजोड झाली, रात्री नऊ ते दहा.
ती ओले हात पुसत यायची,
तो खुर्चीतच वळून भिंतीकडे तोंड करायचा,
बाकावर उभ्या केलेल्या पोरासारखा.
ती एका बोटानं अक्षरं शोधायची.
झालं?
झालं.
अशी अकरा वर्षं.
पासवर्ड तिला पाठ,
त्याला ती भिंत.

आपली चावी या लोकांचीच. इथे तिला 'शाव' म्हणतात.
पगार आणि बिजागरीच्या सोबतीनं
कुठल्याशा गलबतातून उतरली आणि राहून गेली.
कुलूप आलं दुसऱ्याच वाऱ्यावर, अरबांच्या बाजूनं.
दोघांची गाठ पडली ती आपल्या दारात.
कोण कुठलं, कुणासाठी घडलेलं,
एकदा बसलं की कुणी विचारत नाही.

लेकीनं पोर्तूहून नवा लॅपटॉप पाठवलाय.
सगळं इकडचं तिकडे न्यायचं.
दुआर्त समजावतो, दोना इदालिना, हे कुलूप म्हणजे
दाराला लावलेला पडदा.
मागून फोल्डरमधे शिरलं की सगळं दिसतं,
चोराला हे अडवत नाही.
ती म्हणते, चोर कशाला येतोय पत्ते खेळायला?

तो मागून शिरतो. कामच आहे त्याचं.
खेळाची नोंदवही सापडते, तारीख, वेळ, गुण.
नऊ वाजून चार मिनिटं. नऊ वाजून सहा.
आणि मधूनच
तीन वाजून चाळीस. तीन वाजून दहा. पहाटेचे.
एक नाही, दोन नाही,
बोट दुखेपर्यंत तो खाली खाली जातो.

म्हणजे माहीत होता.
माहीत होता, आणि तरी रोज नऊला
खुर्ची वळवून भिंतीकडे.

काही बिघडलंय का, ती विचारते.
नाही. जुनं आहे, वेळ लागतोय.

नव्या यंत्रावर सगळं बसतं. फोटो, हिशेब, ती पत्रं.
पत्ते?
तेही.
आता त्यांना कुलूप कशाला, असं विचारायला
तो तोंड उघडतो, आणि मिटतो.
चौकट समोर आणून ठेवतो, पासवर्ड घाला म्हणतो.

ती हात पुसते. हात कोरडेच असतात.
मग नुसतीच बसून राहते, बोट हवेत,
जरा वेळानं त्याच्या लक्षात येतं
आणि तो खुर्ची वळवतो.

भिंतीवर मासळीच्या डबेवाल्यांचं कॅलेंडर,
फेब्रुवारीपासून पान उलटलेलं नाही.
मागे एकेक कळ वाजते.
सातवी लांबची, रुंद, खालच्या ओळीतली.
मोजायच्या नव्हत्या त्याला.
पण कानाला पापणी नसते.

मागे शांत होतं.
शांतच राहतं.
विचार ना, ती म्हणते.