मुठीतला मणी

भुसावळ. मे. दुपारचे तीन.
एसीच्या मते खोलीत सोळा अंश,
म्हणून तो गार व्हायला तयार नाही.

यावलचा हुसेन तडवी स्टुलावर चढला,
जाळीमागचा काळा मणी ओढून काढला,
मीटरचे चिमटे लावले: पंधरा.
माठाच्या पाण्यात बुडवला: पंधरा.
टाकीच्या पाण्यात, ज्यात डाळ शिजेल: पंधरा.
"एकच पाढा म्हनून राह्यला हा."

नवा जोडला. सव्वासहा.
"माझे हात गच्चीवर तापले, वहिनी,
तुमी धरा."
मी मूठ मिटली.
आकडा उतरत उतरत
साडेपाचावर थांबला.

त्याने मीटर खाली ठेवला.
"मणी चांगला आहे.
पन तुमाले ताप आहे, वहिनी."

घरात आणखी चार माणसं.
सकाळी चौघांनीही
कळण्याची भाकरी
माझ्याच हातून घेतली होती.