पायपुसणं

सोलापुरात आमच्या मोरीला उतार होता,
कोपऱ्यात भोक, भोकावर जाळी,
पाणी आपलं आपण निघून जायचं.
इथे स्वान्सीत, टेकडीवरच्या भाड्याच्या घरात,
अख्ख्या गल्लीला उतार, फक्त बाथरूमला नाही.
फरशी सपाट. खिडकी कुणीतरी
जुन्या रंगाने कायमची चिकटवलेली.

म्हणून पायपुसणं.
पहिलं घेतलं ते मेंढरासारखं,
जाड, राखाडी, आत फोम, खाली रबर.
श्रीनिवास म्हणाला, गादीच आणलीस की.
नोव्हेंबरभर आम्ही दोघं त्यावर उभे राहिलो,
एकत्र नव्हे.
तो पहाटे पाचला, बसडेपोत जाण्याआधी;
मी सव्वाआठला, वॉर्डातली रात्र अंगावरून धुऊन.
उचलून वाळत कुणी घालायचं
हे ठरलंच नव्हतं.

डिसेंबरात वास यायला लागला.
आधी मी नळावर संशय घेतला, मग त्याच्या मोज्यांवर.
शेवटी कोपरा उचलला
तर रबराच्या पाठीवर काळे ठिपके,
फोडणीतली मोहरी उडून बसावी तसे,
आणि फरशीवर त्यांचीच उलटी नक्कल.

एजन्सीचा पोरगा आला.
भिंतीला यंत्र टेकवलं, ओठ मुडपले,
कागदावर लिहिलं : रहिवाशांची राहणी.
फार शिजवता का? अंघोळी फार होतात का?
रोज, मी म्हटलं.
त्याने तेही लिहून घेतलं.

बाबा टॉवेलच्या मागावर होते.
कापड हातात आलं की आधी उलटं करायचे.
तोंड सगळ्यांचंच धुतलेलं असतं, म्हणायचे, पाठ बघावी.
चाळीस वर्षांची ही शिकवण
मी एका मऊ राखाडी मेंढरापुढे विसरले.

दुकानात परत गेले, एकूण एक उलटं केलं.
काउंटरवरच्या मुलीला वाटलं, किंमत शोधतेय.
बांबूच्या पट्ट्यांचं होतं, फटींत केस अडकतील असं.
दगडाचं होतं, पाणी क्षणात पिणारं,
पण पाय ठेवला आणि
थडग्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं.
शेवटी सुती घेतली. पातळ. पाठीला काही न लावलेली.
पांढरी, म्हणजे लपवाछपवी नको.
आणि दोन, कारण या गावात
एक वाळेपर्यंत दुसरा पाऊस येतो.

शेजारच्या ग्लिनिसबाईंनी बजावलं,
सॉफ्टनर अजिबात घालू नकोस,
सुतावर साय धरते, मग ते पाणी पीत नाही.
मी मान हलवली.
बाबा हेच सांगत, फक्त शिव्या घालून.

आता मी सव्वाआठला दार उघडते.
त्याचं पायपुसणं टबच्या काठावर,
दोन्ही बाजूंनी सारखं लोंबतं,
डेपोतल्या माणसाच्या मोजमापाने.
माझं खाली अंथरलेलं, कोरडं.
मी सांगितलं नव्हतं.
त्याच्यावर तळहात ठेवून बघते:
कडा वाळलेल्या असतात,
टाचांच्या जागी अजून गार लागतं.
म्हणजे जाऊन फार वेळ झाला नाही,
किंवा झालाय, आणि हवाच अशी आहे.
पंख्याची दोरी ओढते. वीस मिनिटं.

रविवारी दोन्ही मशीनमध्ये,
साठ अंशांवर, एकमेकांत गुरफटून गरगरतात.
आम्ही दोघंही घरी.
अंघोळीनंतर पाय टेकायला काहीच नसतं.
फरशीवर चार पावलं उमटतात, मग सहा,
मग कुणाची कोणती कळत नाही.
पुसायला हवं. पुसत नाही.

एजन्सीला हे कळवलेलं नाही.