दुसऱ्याच्या हाताची जाडी

सात नंबरचं लोखंड हसुरामनं उजेडाकडे धरलं,
खाचांवरून नख फिरवलं,
आणि भाव सांगायच्या आधी म्हणाला,
"याच्यावं दोन मानसा खेल्लीत, ताई."

ओवे गावात, सेक्टर पस्तीसच्या पाठीमागे त्याचं शटर.
अर्ध्यात सायकली, अर्ध्यात
खारघरच्या गोल्फकोर्सवरून आलेल्या काठ्या,
छत्र्या दुरुस्तीला याव्यात तशा पत्र्याला टेकलेल्या.
आधी पावण्याच्या टूलरूममध्ये ग्राइंडर होता तो.
कंपनी गेली, चाक त्यानं घरी आणलं.

दोन डाग होते खरे.
एक मधोमध, रुपयाएवढा, गुळगुळीत:
तो कुरुविला साहेबांचा.
दुसरा टाचेकडे सरकलेला, पसरट.
म्हणजे अकरा वर्षं मी
चेंडूच्या जरा जास्तच जवळ उभी राहत आले
आणि हे आज एका सायकलवाल्यानं सांगितलं.

साहेब कायमचे कोट्टायमला निघाले तेव्हा
बॅग घेऊन रबाळ्याच्या लॅबमध्ये आले होते.
मी टायट्रेशनला बसलेली, हात सोडवेना.
"इथं ठेवतो," म्हणाले. "दिवसभर थेंब मोजता.
कधीतरी काहीतरी लांब फेकून बघा."
फ्लास्क गुलाबी झाला, मी मान वर केली,
दार हलत होतं.

स्वरदा म्हणते, मावशी, नवीनच घे.
वाशीच्या दुकानात घेऊनही गेली.
काळ्या पडद्यासमोर उभं करून एका मुलानं
माझ्या एका फटक्याचे नऊ आकडे काढले.
एकही ओळखीचा वाटला नाही.
किंमत वाचताना चष्मा पुसून घेतला.
पैशांचा प्रश्न नाही.
थोडासा आहेच.

हसुरामचा हिशेब लग्नपत्रिकेच्या पाकिटावर:
ग्रिपा सात. दांडे घासून, तेल लावून, तीन.
खाचा पुन्हा कोरायच्या तर,
"कोरीन. पन लोखंड कमी व्हतं.
एकदा कोरीन, दुसऱ्यांदा नाय."
मग आखूड वेज उचलून बाजूला ठेवला.
"यो गेला. याला मी हात नाय लावनार."
नेमका तोच मला वाचवायचा होता.
घासाघीस करून पाहिली,
जशी भाजीवालीशी करतात. तो हसलासुद्धा नाही.

मग त्यानं आकड्याच्या पात्यानं सातचं रबर चिरलं,
दुध्याचं साल निघावं तसं ते निघालं
आणि खाली चिकटपट्टी.
एक थर. दुसरा. तिसरा.
पिवळी पडलेली, घामाचा वास असलेली,
पाच थर.
"सायबाचा हात मोठा व्हता," हसुराम म्हणाला,
आणि न विचारता माझा पंजा धरला,
कासार मापाला धरतो तसा,
अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत.
"तुमाला येकच पुरं."

अकरा वर्षं माझा चेंडू उजवीकडे पळायचा.
मी खाडीच्या वाऱ्याला बोल लावला,
गुडघ्याला लावला,
मधले काही महिने नशिबालाही.
दांड्याभोवती दुसऱ्याच्या हाताची जाडी आहे
हे तपासायचं सुचलं नाही,
आणि लॅबमध्ये मी म्हणे
चौथ्या दशांशापर्यंत अचूक होते.

चार थरांचा त्यानं गोळा केला.
शटरखालचं मांजर तो घेऊन गेलं.

वेज नवा घेतला, वाशीहूनच, एकटा.
बाकीची लोखंडं जुनीच.
खाचा आत्ता कोरू नको म्हटलं,
ती एक खेप शिल्लक राहू दे.

रविवारी सहाला रेंजवर सात नंबर हातात घेतला.
बोटांची टोकं तळव्याला लागली.
वाटलं, काठी निसटली.
निसटली नव्हती, हात मिटला होता.

फटका चांगला बसला. चेंडू डावीकडे गेला.
साफ डावीकडे, डोंगराच्या अंगाला,
जिथं मी कधी फिरकलेच नव्हते.
चालत गेले.
तिथं करवंदीची जाळी आहे, कुंपणाची तार आहे,
आणि कुणाकुणाचे सहा चेंडू.
सातवा माझा.