चौथा रकाना

वाघनदीच्या पुलाअलीकडे
सिमेंटचे दोन ठोकळे उरलेत.
त्यांच्यामधला दांडा, तांबडा-पांढरा,
मी सत्तावीस वर्षं वर केला, खाली केला.
आता तो खेमलता रहांगडालेच्या गोठ्यात
आडवा पडून आहे, अंगावर तणस घेऊन.

रजिस्टरात रकाने चार:
नाव. गाव. कुठं चालले. माल काय.
पहिल्या तिघांत नुसती गंमत.
इकडचे बिसेन तिकडच्या बिसेनांकडेच जायचे,
पोवारीत भांडायचे, पोवारीतच मिटवायचे.
आणि मोहाला तर मी कधी विचारलंच नाही,
फुलं कोणत्या राज्यात गाळतोस म्हणून.

चौथ्यात अडायचो.
कटऱ्यांची सून पलीकडून पहिल्यांदा आली ती बंडीत,
पायाची हळद ओली.
"माल काय?"
सवयीनं निघून गेलं तोंडून.
ती म्हणाली, "लिवा भाऊजी,
एक पोरगी. रडून झालेली."
मी लिहिलं.
साहेबानं तपासलं, खाली सही ठोकली.

मग वरून कागद आला. नाका बंद.
त्या रात्री मी दोनदा उठलो, हॉर्न ऐकू आला म्हणून.

भाचा युवराज युरोपात असतो,
झोपतो एका देशात, कामाला दुसऱ्यात.
फोनवर म्हणाला, "मामा, सायकलनं जातो.
हद्द कुठं गेली कळतही नाही,
रस्त्याच्या डांबराचा रंग तेवढा बदलतो.
कोणी काही विचारत नाही."
"काहीच नाही?"
"काहीच नाही."
"जेवलास का, हेही नाही?"
तो हसला. मग लाईन खरखरली,
नाहीतर तोच गप्प झाला असेल.

तापाच्या त्या सालात
त्याच्याही वाटेवर दांडा आला होता म्हणे.
आमच्या पुलावर बोराटीच्या फांद्या टाकल्या.
कटऱ्यांची सून अलीकडच्या काठाला,
तिची माय पलीकडच्या,
मधे गुडघाभर पाणी.
दोघी नुसत्या मोठ्यानं बोलत होत्या,
भाजी काय केली, म्हैस व्याली का.
मी नाक्याचा माणूस, रिकामा,
फांद्यांकडे बघत बसलो.
माझ्या हातात उचलण्यासारखं काही नव्हतं.

आता पुन्हा सगळं मोकळं.
शाळेच्या पोरी सायकली दामटत जातात,
नाट्यमंडळीचा टेम्पो जातो पडदे घेऊन.
फक्त पटल्यांची म्हातारी म्हैस
दोन ठोकळ्यांच्या मधोमध येऊन
अजून थबकते. मान वर करून वाट बघते.

मी ठोकळ्यावर बसल्या बसल्या
हात वर करतो.
"जा बाई."
मग जाते.