आतांदे

वेरूळच्या तिकीटखिडकीपाशी
गारगोट्या विकणारा इलियास
एका फ्रेंच आजीबाईच्या मागे लागला होता
आणि ती तळवा उंच धरून म्हणत होती : आतांदे, आतांदे.
म्हणजे थांब.
इलियासनं ऐकलं, आता दे.
त्यानं दिली. जांभळी, मग हिरवी,
मग फडक्यात गुंडाळलेली मोठी, आत स्फटिक असलेली.
ओंजळ भरली तरी ती आतांदेच म्हणत राहिली
आणि पोरगं देतच राहिलं.

मी सोडवणूक केली. कामच माझं ते,
बिल्ल्यावर लिहिलंय : गाईड, फ्रेंच.
पण खरं सांगू,
इलियासचं भाषांतर मला चूक वाटलं नाही.
थांबणारं माणूस मनात दुसरं काय म्हणत असतं?

विद्यापीठात दमयंती मॅडमनी
माझ्या वहीत लाल गोल केला होता.
मी लिहिलं होतं, 'तुझ्यासाठी थांबते.'
साठी काढ, म्हणाल्या. मध्ये काही ठेवायचं नसतं.
क्रियापद, की लगेच माणूस.

दौलताबादच्या घाटात, एसटीत उभी, मी विचार करत राहिले :
आपल्यात तर मध्ये अख्खा रस्ता असतो.
तुला कुठं बघते मी? तुझी वाट बघते.
तू नुसता षष्ठीत.
कर्म ती वाट, फुफाट्याची,
कडेला बाभळी, मैलाचा दगड उलथलेला.
तू आलास की ती संपते.
न आलास तर लागते.

आतांद्र.
घोकताना त्यात आत सापडायचं, आता सापडायचं,
थोडी तंद्रीही.
'मी थांबलेय'चं होतं, ज'आतां.
सासूबाई मिरच्या वाटता वाटता म्हणाल्या,
"जाता? कुठं जायलीस आता?"
कुठंच नाही, म्हटलं. थांबलेय.

मुळात म्हणे त्याचा अर्थ ताणणं,
पाल ठोकताना दोरी ताणतात तसं.
ताटकळणंही मी ताठ आणि कळ असं फोडते,
व्याकरणवाले काही म्हणोत.
आणि एका पोरसवदा टूरिस्टनं जाता जाता
आणखी एक क्रियापद दिलं होतं, पोआरोते :
कांद्याच्या कुठल्याशा भाऊबंदासारखं
मातीत रोवून उभं राहायचं.
तेव्हापासून ड्रायव्हर बनेमियाँला उशीर झाला की
मी फोनवर सांगते, पात झालीय माझी इथं.
एकदा त्यानं आणलीसुद्धा. दहाची जुडी.

तर ती आजीबाई.
कैलास बघून सावलीत टेकली,
माझ्या सैल कुर्त्याकडे बघून हळूच विचारलं : आतांदे?
हो ना, म्हटलं, बनेमियाँची. टायर पंक्चर आहे.
ती हसली,
आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला.

नऊ वर्षं.
'काही विशेष?' पासून 'अजून काहीच नाही?' पर्यंत
सगळे प्रश्न मला पाठ.
आपल्यात बाईला दिवस जातात.
माझे नुसतेच गेले.
त्यांच्यात बाई थेट मुलाला थांबते,
मध्ये काही न ठेवता.
'नाही' म्हणायला मला येत होतं, पहिल्या धड्यातलं.
तोंडातून आलं, ज'आतां.
क्रियापद, आणि पुढं कोणीच नाही.
मॅडमनी लाल गोल केला असता.

आजीबाईनं पिशवी चाचपली,
फडक्यातली मोठी गारगोटी काढली
आणि माझ्या ओढणीत ठेवली,
ओटी कशी भरतात हे तिला कोण सांगणार,
पण तशीच.
चांगली जड होती.

खाली हॉर्न वाजला.
गेटवर इलियासनं ओढणीची गाठ ओळखली.
"मॅडम, हिचे पैसे दिलेच नाहीत त्यांनी. दीडशे."
पर्स उघडली. सुटे नव्हते.
थांब रे, म्हटलं,
आता देते.